अपत्यांची संख्या

टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या लागल्या की माझं तोंड सुरू व्हायचं. टीव्हीशीच बोलायचे मी. हा बाबा सत्तरीला आलाय, भर उन्हात गाडीवर उभा राहून हात हलवतोय, घसा बसलाय, पाय सुजलेत, अर्धा देश याला शिव्या घालतोय, आणि याला अजून देश चालवायचाच आहे. कशाला रे बाबा? घरात खायला नाही का? नातवंडं नाहीत? मला उद्या कोणी देश फुकट दिला तर मी हात जोडून परत करीन, असं मी छातीठोक सांगायचे.

समोर बसलेल्या बायका हसायच्या. सुरतेत उधन्याला आमच्या पुढच्या खोलीत आम्ही दुपारभर साड्यांना स्टोन लावत बसतो. बाजारातून साड्यांची पार्सलं मी आणते, गल्लीतल्या बारा-चौदा बायकांना वाटून देते आणि तयार माल परत पोचवते. मांडीवर साडी पसरायची, नळीने गमचा, म्हणजे चिकटवायच्या डिंकाचा, ठिपका टाकायचा, ठिपका सुकायच्या आत स्टोन ठेवायचा. हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग देश कोणाला कशाला हवा असतो यावर चर्चा. एक म्हणायची, पुढेमागे गाड्या पळतात ना, त्यासाठी. विदर्भातली एक दांडगी बाई म्हणायची, घरात बायको ऐकत नसन, म्हणून देशाले ऐकवतेत. सगळ्यात लहान होती ती म्हणाली, त्यांना कोणी ‘चहा टाक’ असं म्हणत नाही ना, म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगू, त्यातल्या त्यात तीच जवळ पोचली होती.

माझं म्हणाल तर मी खानदेशातली, दहावी पास, लग्न करून सुरतेत आलेली. नवरा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्तर आहे. बंद पडलेला लूम चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. वीस-बावीस वर्षं त्या खडखडाटात काढून कान निम्मे गेलेत. त्याला वाटतं आपण हळू बोलतोय आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. घरात काही गुपित बोलायचं असलं की मी त्याला खुणेनेच गप्प करते. बाकी माणूस सरळ आहे. दोन मुलं, मोठी मुलगी आणि मुलगा, दोघं एकमेकांशी गुजरातीत भांडतात आणि आमच्याशी मराठीत.

हे ‘दोन मुलं’ मी किती सहज लिहून गेले बघा. सवय आहे.

झालं असं, की दिवाळीआधी आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. घाण पाणी उंबऱ्याशी यायला लागलं. बायका महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन अर्ज देऊन आल्या, साहेब नाहीत, उद्या या, मशीन दुसरीकडे गेलंय, असं आठ दिवस चाललं. पुन्हा जायचं तर दिवसाचं काम बुडतं, आणि दिवाळीचा माल, व्यापारी डोक्यावर बसलेला. माझं डोकं सणकलं. म्हटलं, कामच घेऊन चला. साड्यांची गाठोडी, स्टोनची पाकिटं, गमच्या नळ्या, सगळं घेऊन आम्ही चौदा जणी ऑफिसच्या व्हरांड्यात मांडी घालून बसलो आणि लागलो कामाला. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. फक्त गम. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना कळेल. आम्हाला सवय असते, इतरांचं डोकं धरतं, डोळ्यांतून पाणी येतं. शिपाई नाकाला रुमाल लावून फिरायला लागले. जायला वाट नाही, साड्यांवर पाय देता येत नाही. जेवायच्या सुट्टीआधी साहेब स्वतः बाहेर आला. मी मान वर केली तर तो माझ्यासमोर उभा, आणि मी बसलेली. तो म्हणाला, “बोलो बेन, क्या करना है?”

संध्याकाळी मशीन आलं, गटार मोकळं झालं. गल्लीने मला डोक्यावर घेतलं. पण माझ्या मनात गटार नव्हतंच. साहेब उभा होता आणि काय करायचं ते मला विचारत होता, हे एवढंच दिवसभर पोटात ऊन ऊन वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण त्यानंतर भांडी घासताना माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. आधी सगळ्या वॉर्डातली गटारं. मग शाळेत मराठीचे मास्तर. मग लूमच्या कारखान्यात कानाला लावायची बोंडं सक्तीची. भांडी घासून होईपर्यंत मी दिल्लीला पोचलेली असायचे आणि कुणाला कुठल्या खात्यात घालायचं ते ठरवत असायचे. टीव्हीवरच्या म्हाताऱ्याला शिव्या घालणं तेवढ्यात कधी बंद झालं, मला कळलं नाही. नवऱ्याला कळलं. म्हणाला, आज टीव्हीशी भांडत नाहीस, तब्येत बरी ना?

थंडी सुरू झाली आणि महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव, मराठी मतं पुष्कळ. एका पक्षाचे भाई घरी आले. त्यांचं नाव-गाव सोडा, पांढरे बूट आणि दोन फोन एवढं पुरे. म्हणाले, बेन, गटारवाली बात सुनी, ऐसी ही बाई चाहिए. चहा घेता घेता त्यांनी शिक्षण विचारलं, पोलीस केस आहे का विचारलं, आणि बच्चे कितने ते विचारलं. नवरा म्हणाला, दो. मी बशी उचलली आणि आत गेले.

पुढच्या रविवारी पक्षाच्या ऑफिसात आम्हा इच्छुक बायकांना बोलावलं. तिथे एका वकिलाने फॉर्म समजावून सांगितला. म्हणाला, दोनपेक्षा जास्त मुलं असतील त्यांनी आत्ताच उठून घरी जावं, कायद्यात बसत नाही. एका बाईने विचारलं, तिसरं दत्तक दिलं असेल तर? वकील हसला. म्हणाला, दिलं तरी जन्म तुम्हीच दिलाय ना, मोजतात ते. ती बाई पर्स उचलून निघून गेली. दरवाजातून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. मी उठले नाही.

आता ते सांगायलाच हवं.

माझ्या जावेला, थोरल्या जाऊबाईंना, अकरा वर्षं मूल नव्हतं. मला दोन झाली होती आणि चुकून तिसरं राहिलं. सासूबाईंनी ठरवलं, ही खेप थोरलीची. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. भावाचं मूल भावाने वाढवायचं, कागदबिगद कोण करतो? बाळंतपणाला मी गावी गेले, दोंडाईच्याकडे. सुईणीने घरीच सोडवलं. मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी पाटावर जाऊबाई बसल्या, त्यांची खणानारळाने ओटी भरली आणि त्या ओटीत माझी पोर ठेवली. जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीत माझे जेठ, थोरले दीर, गेले. आईच्या जागी जाऊबाईंचं नाव, बापाच्या जागी त्यांचं. म्हणजे जगातल्या कुठल्याही कागदावर ती माझी नाही. सव्वा महिन्याने मी सुरतेची गाडी धरली, नवापूर यायच्या आत छाती भरून आली आणि पदर भिजला. समोरच्या बाईने विचारलं, बाळ कुठंय? मी खिडकीबाहेर बघायला लागले. या सगळ्यात मला एकानेही विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, जाऊबाईंनीसुद्धा नाही. सगळे चांगलेच वागत होते हो, मला डिंकाचे लाडू करून देत होते. फक्त विचारलं नाही.

पोर गुणाची निघाली. जाऊबाईंनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, हे मी शत्रूलाही सांगेन. ती त्यांना माय म्हणते आणि मला काकू. मोठी झाली की सांगू, असं ठरलं होतं. मोठी म्हणजे किती, ते कोणी ठरवलं नव्हतं. चौदा वर्षांची झाली तरी प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणीतरी सांगेल.

दर संक्रांतीला ती पतंगांसाठी सुरतेला येते. यंदाही आली. पुढे महिनाअखेर आमच्या नात्यातलं लग्न उधन्यातच होतं, म्हणून जेठांनी तिला ठेवून घ्या म्हणून सांगितलं. म्हणजे इकडे फॉर्म भरायचे दिवस, इकडे ती घरात, आणि तिकडून लग्नाला अख्खं गाव येणार, ज्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत की ती कोणाच्या पोटची. माझी झोप उडाली. दाराची कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघायचे, कोण आहे. भाईंचा फोन आला की वाटायचं, कळलं यांना. बायका स्टोन लावत असताना एकदा कोणीतरी सहज म्हणाली, वहिनी, ही पुतणी तुझ्यावरच गेलीय, नाक बघ, आणि माझ्या हातून गमची नळी साडीवर आडवी झाली. साडी वाया गेली. तिला उगाच झापलं मी. काम कर म्हटलं, नाकं कसली बघतेस.

मागे फिरायला मी मोकळी होते. कोणी बंदूक धरली नव्हती. भाईंना फोन करून ‘नको’ एवढं म्हणायचं होतं. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगते. आणि रोज कोणीतरी गल्लीत थांबवून म्हणायचं, ताई, तुम्ही उभ्या राहताय ना, आमची पाच मतं धरा, की झालं. दिवसभर मी दोन इंच उंच चालायचे.

शेवटी एका दुपारी नवऱ्याला जेवायला वाढताना मी विषय काढला. पोरगी गच्चीवर पतंग उडवत होती, बायका अजून यायच्या होत्या. मी कुजबुजत म्हटलं, प्रतिज्ञापत्र आहे, खोटं कसं लिहू? त्याने घास गिळला. त्याला वाटलं तोही कुजबुजतोय. “दोनज लिख. तिसरी आते आपली शे का? दी टाकी ना आपन तिले दादाले.”

भिंतीवरचं कॅलेंडर हललं असेल एवढा आवाज. तिसरी आता आपली आहे का, दादाला देऊन टाकली ना आपण तिला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा त्याला कळलं. आमच्या गच्चीचा जिना स्वयंपाकघराला लागूनच उतरतो. पोरगी पाचव्या पायरीवर उभी होती. हातात मांजाची फिरकी.

तिने फिरकी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, बायका आल्या तशी त्यांच्यात बसली आणि स्टोन लावायला लागली. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. असलं सरळ काम माझ्याकडच्या जुन्या बाईचंही नसतं. नवरा कारखान्यावर जाताना रडवेला झाला होता. मी त्याच्यावर चिडले नाही, म्हणजे चिडायला जागाच नव्हती. विषय मी काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंना फोन केला. घडलं ते सांगितलं. पलीकडे त्या कोंबड्यांना दाणे टाकत राहिल्या. मला वाटलं होतं त्या मला बोल लावतील. मग मी म्हटलं, जाऊबाई, मी खरं लिहिते, तीन लिहिते, माझं तिकीट गेलं तर गेलं. मला वाटलं मी मोठी उदार झालेय. तेव्हा त्या बोलल्या. “तू तीन लिखशी, ते मंग मनाजोडे काय राही?”

तू तीन लिहिशील, मग माझ्याजवळ काय राहील. मी फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून बसले. खरंच की. मी तीन लिहिलं तर त्यांच्या कागदावरची एकुलती एक पोर मी सरकारी शिक्क्यानिशी काढून घेणार. दोन लिहिलं तर माझ्या हाताने तिला नाही म्हणणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधला रस्ता अगदी सरळ होता, काहीच न लिहिण्याचा, घरी बसण्याचा. त्या रस्त्याकडे माझी मान वळत नव्हती.

मग पोरगी स्वतःच बोलली. गच्चीवर मी वाळलेले कपडे काढत होते, ती कठड्याला अडकलेला मांजा सोडवून बोटावर गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुले हाई कसाले व्हवानं शे?”

तुला हे कशाला व्हायचंय. मला वाटलं होतं ती विचारेल, मला का दिलं. त्याची उत्तरं माझ्याकडे चौदा वर्षांची तयार होती. त्याऐवजी मी गटाराचं सांगायला लागले, शाळेचं, पाण्याचं. ती म्हणाली, गटार तर तू निवडून न येताच काढलंस. पोरगी हुशार आहे. मग मी कपडे खाली ठेवले आणि जे होतं ते सांगितलं. की झोन ऑफिसात एक साहेब माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, काय करायचं, आणि मला ते फार आवडलं. ते पुन्हा हवंय. रोज हवंय. मला कोणी विचारल्याशिवाय माझ्या घरातली, गल्लीतली, कुठलीच गोष्ट पुढे जाऊ नये असं वाटतं. तुला त्यांच्या ओटीत घातलं तेव्हा मी त्याच खोलीत होते आणि सगळे माझ्या डोक्यावरून बोलत होते. बोलता बोलता मला रडू यायला लागलं आणि त्याचाच मला राग आला. मी तिला म्हटलं, तू नको म्हण, मी नाही उभी राहत. संपलं.

म्हणजे बघा, तेही मी तिच्यावरच टाकलं. चौदा वर्षांच्या पोरीवर.

ती मांजा गुंडाळत राहिली. बोटाला लाल वळ उठला होता. म्हणाली, मी कोण नको म्हणणारी? आणि खाली गेली.

फॉर्मच्या दिवशी भाईंनी ढोल सांगितला होता. गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या, विदर्भवाल्या बाईने मला ओवाळलं. आधी नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं आणि मग मिरवत कचेरीत. माझ्या कागदांची पिशवी पोरीच्या खांद्यावर होती. मी नको म्हटलं होतं, पण माझ्या मुलीचा पेपर होता आणि ही आपणहून पिशवी घेऊन पुढे झाली. नोटरीचं टेबल कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तो कॉम्प्युटरवर बोटं आपटत एकेक रकाना वाचत होता आणि मी सांगत होते. नाव, वय, नवऱ्याचा धंदा. आधार कार्ड म्हटलं की पोरगी आधार काढून द्यायची. ढोलवाला उगाच मधूनमधून थाप मारत होता.

नोटरीने विचारलं, “संतान कितने?”

पिशवीची चेन उघडायचा आवाज झाला आणि थांबला. याला कागद लागत नाही हे तिला माहीत नसावं, की माहीत होतं, मला सांगता येणार नाही. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. चौदा वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं नव्हतं. आज एक माणूस माझ्यासमोर बसून, बोटं उचलून, माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, दोन.

त्याने दोन लिहिलं. मी सही केली. अंगठ्याच्या जागी अंगठाही लावला, मागाहून तो साडीच्या निऱ्यांना पुसला.

पुढचं ऐकाल तर हसाल. कचेरीच्या फाटकाशी आम्ही दोन तास उभ्या राहिलो. पक्षाचं पत्र आलं की आत जायचं होतं. पत्र आलं, पण दुसऱ्याच बाईच्या नावाचं, पर्वत पाटिया भागातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या सुनेच्या. भाईंनी दोन्ही फोन बंद केले. ढोलवाला त्या बाईकडे गेला, त्याचं काय चुकलं? माझं प्रतिज्ञापत्र कोणी मागितलंच नाही. बायका रिक्षात बसून शिव्या देत होत्या आणि मी त्यांना गप्प करत होते. आत मला काय वाटत होतं ते सांगते. सुटले, असं वाटायला हवं होतं ना? कागद कुठे दाखल नाही, कायदा मोडला नाही, जाऊबाईंची पोर जाऊबाईंची राहिली. तसं नाही वाटलं. नुसता संताप वाटला, की माझी जागा दुसरीने घेतली. पोरीचा विचार मला घरी येऊन चप्पल काढताना आला. रिक्षात एवढा वेळ ती माझ्या शेजारी बसून होती.

लग्न झालं. गाव आलं, जेवलं, नाचलं. आता मला कुणाची भीती नव्हती, कोणी काहीही बोललं तरी चालणार होतं, आणि कोणी काहीच बोललं नाही. जाऊबाई पोरीचे केस विंचरत बसल्या होत्या. दोघींचं आपसात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, मला तो अधिकार नव्हता.

परतीच्या गाडीला सोडायला मी उधना स्टेशनला गेले. जेठ-जाऊबाई जागा धरायला आधी चढले. पोरगी खाली उभी राहिली, बॅग पायाशी. मी तिच्या हातात डबा दिला, थालीपिठं आणि लसणाची चटणी. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. माझं चुकलं, हे सांगायचं होतं. सकाळपासून घोकत होते. गाडीची शिटी झाली तेव्हा तिनेच विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं पुढच्या संक्रांतीला येऊ का म्हणून विचारावं तसं. “परत उभी ऱ्हाशी का तू?”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, हो.

तिने मान हलवली. मग डबा बॅगेत नीट आडवा ठेवला आणि आपल्या मायला जागा मिळाली का ते बघायला वर चढली.